मागे सरकलेली सीट

प्रिय दादा,

तुझा पिकअप पोलिसांनी सोडला आणि परवा क्रेनने आमच्या धुळ्याच्या वर्कशॉपात आणला. नानांचा फोन आला होता, "घरचीच गाडी शे, तूच बघ." मी बघितला.

ब्रेक ठीक आहेत. ऑइल पुरेसं आहे, पाइप कुठेही गळत नाही. आपल्या ड्रायव्हरने, वनाभाऊंनी, जबाबात गाडी आपणच चालवत होतो आणि ब्रेक लागले नाहीत असं सांगितलं, ते त्यांना कुणी सांगायला लावलं हे मी विचारत नाही.

आपल्या दोघांनाही गाडी त्यांनीच शिकवली. आधी ट्रॅक्टर. त्याची ब्रेकची दोन्ही पेडलं एकमेकांना अडकवल्याशिवाय ते आपल्याला रस्त्यावर येऊ द्यायचे नाहीत. मग रिकामा पिकअप, जो खड्ड्यात मागून उडतो. आणि शेवटी भरलेला, ज्याला वळणाच्या कितीतरी आधी हळू करायचं आणि वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही. "ताई, गाडी भरेल शे. पहिले तिले इचार, मंग वळ." तू हसायचास. म्हणायचास, स्टिअरिंग सगळ्यांना सारखंच असतं, भाऊ. नाना तुझ्या बाजूने हसायचे आणि किल्ली तुझ्याच हातात द्यायचे.

नवी कार घेतल्यापासून तू वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारतोस. कारला ते चालतं, ती खाली बसलेली असते. चोपड्याहून निघालेल्या पिकअपमध्ये केबिनच्याही वर केळीचे घड होते, आणि घडांवर मंगा बसला होता. आपल्याकडे माल उतरवणारा मालावरच बसून जातो. कुणी त्याला आत बोलावत नाही. आतमध्ये तू आणि वनाभाऊ होतात. गाडी कलंडली तेव्हा मंगा घडांखाली सापडून मेला. त्याची बायको ललिता दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "तो गाडीले भ्यायचा नाही."

घरी सगळे म्हणतात, तुझी नेमणूक तोंडावर आहे, नावावर केस नको. वनाभाऊंपुढे नानांनी हात जोडले म्हणे. आयुष्यभर ज्यांच्याकडे गाडी चालवली त्यांनी हात जोडल्यावर तो माणूस काय करणार? वनाभाऊ जामिनावर सुटून आले तेव्हा त्यांच्या बायकोने, बेबाबाईने, घरात चूल पेटवली नाही. त्यांचं लायसन्स जाईल. दुसरं त्यांना काही येत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर त्यांना निवडलं.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. वनाभाऊ बुटके. सीट पार पुढे ओढून, पाठीशी उशी ठेवल्याशिवाय त्यांचा पाय क्लचपर्यंत पोचत नाही. तू सहा फुटी. या पिकअपची सीट पार मागे, शेवटच्या खाचेत आहे, आणि गाडी आदळताना तिचा रूळ वाकून तिथेच घट्ट बसला आहे. मी ओढून पाहिली. मेकॅनिकने हातोडी मागितली, मी दिली नाही.

सोमवारी मी वनाभाऊंना घेऊन पोलीस स्टेशनला जाणार आहे आणि अधिकाऱ्यांना ही सीट दाखवणार आहे. त्याआधी तू स्वतः गेलास, तर मला तुझ्याविरुद्ध बोलावं लागणार नाही. नानांना सांग, गाडी दुरुस्त व्हायला वेळ लागेल.

तुझीच, ते बदलता येत नाही म्हणून,
प्राची