पुसलेली बरणी

४ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक कानउघाडणी.

तुझ्या खात्याचं पत्र काल आलं. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याची जमीन सरकारी निधीतून साफ होणार, विषारी माती उचलून नेणार, तिथे नवी घरं उठणार. छान. पण कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभी असलेली आमची बारा घरांची गल्ली मात्र वगळली. का, तर म्हणे ‘मातीत शिसे आढळले नाही’! त्या कारखान्याच्या ऑफिसात मी तीस वर्षं टाइपरायटर बडवला. दोरीवरच्या चादरींवर बसलेली करडी भुकटी रोज झटकली. ती काय तोंडाला लावायची पावडर होती?

शेजारच्या शिंपिणीची चिमणी चार वर्षांची आहे. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, पोरीला या मातीपासून लांब न्या. शिंपीण मला विचारते, कुठे नेऊ? निधी मिळता तर अंगणं खोदून नवी माती भरली असती.

नमुना कोणत्या दिवट्याने घेतला, त्याचं नाव कळव. त्याची अशी हजेरी घेते की जन्मभर आठवेल.

तुझी पाठ कशी आहे? माझा लोभ आहेच; वाढवायचा की आटवायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

ताई

९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. पाठीमुळे तूर्त कागदावरच.

नाव विचारलंस. आधी खुर्चीत बस. गल्लीचा नमुना तू घेतलास.

नोव्हेंबरात आलो तेव्हा माझ्या पाठीत उसण भरली होती, आठवतं? फावडं उचलवेना. म्हणून बरणी तुझ्याकडे ठेवली, मागच्या भिंतीजवळची हातभर खोल माती भरून माझ्या ऑफिसात पाठव म्हणालो. सगळ्या गल्लीला एकच नमुना, हे बोललो नाही. बोललो असतो तर तू नियमावर बोट ठेवलं असतंस. नियम असा की नमुना माझ्या डोळ्यांदेखत निघावा. तसा निघाला, असं लिहून मी सही केली.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, इतकी सुंदर माती इथे कधी आली नाही. तेव्हा मी हसलो होतो. ताई, तू काय भरलंस?

तुझा,
धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

भिंतीजवळ खणलं होतं. काळे खडे, राख, नाक धरावं असा वास. मला वाटलं, अंगणात भाजी लावावी का, एवढंच तुला बघायचंय. ते घाणेरडं तुझ्या ऑफिसात चार लोकांसमोर उघडणार, साहेबांची बहीण अशा उकिरड्यात राहते म्हणणार. मिशनच्या शाळेत सिस्टर्सनी दहा वर्षं हेच शिकवलं, बाहेर जाणारी वस्तू स्वच्छ हवी. वहीवर डाग दिसला की वही परत. मी खड्डा बुजवला. गुलाबाच्या वाफ्यातली, रोपवाल्याकडून आणलेली माती दोनदा चाळली, बरणीत भरली, बरणी बाहेरून पुसली. लेबलावरचं अक्षरसुद्धा काय सुरेख आलं होतं.

काल शिंपीण आली. तुमची भाषा चांगली, अर्ज लिहून द्या म्हणाली. आणि नमुना घेणाऱ्याला चार शब्द सुनावा. मी सुनावले. अगदी मनापासून.

पुन्हा नमुना घ्या.

ताई

१८ मार्च

ती. ताईस नमस्कार.

फेरनमुना हवा तर पहिला का चुकला ते लेखी द्यावं लागतं. सही माझी आहे. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आणि हिची औषधं खात्याच्याच दवाखान्यातून येतात. निधीची यादी महिनाअखेर बंद होईल. साहेबांना आडून विचारून पाहिलं. ते म्हणाले, स्वच्छ निघालेल्या गल्लीसाठी कोण कशाला भांडेल?

तू सांगशील तसं करीन. लहानपणापासून तेच करत आलोय. फक्त सांगण्याआधी हिचा एकदा विचार कर.

धाकटा

२३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तरच घे.

विचार केला. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू केलं असतंस, आणि बायकोला तोंड दाखवताना माझं नाव पुढे केलं असतंस. म्हणून तुला सांगितलं नाही. काल मोठ्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं, तुझ्या सहीसकट. सोबत भिंतीजवळची माती. ते पुन्हा नमुना घेतील की नाही, देव जाणे. तुझं काय करतील, ते मात्र तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आधी शिंपिणीला सांगितलं. तिने माझं शिवायला दिलेलं कापड तसंच घडी घालून परत दिलं.

गल्लीत धड माती एवढ्या वाफ्यातच आहे. मी गुलाब उपटले. आज सकाळी शिंपिणीने चिमणीला तिथे आणून बसवलं, माझ्याकडे न बघता.

बरणी या वेळी पुसली नाही. लेबलावर काळा अंगठा उमटला, तो राहू दिला.

लोभ मागायला तोंड नाही.

ताई