देवकाबाईच्या दारातला बाजार

तळ्याची पाळ, सावली गावापासून दोन कोस
मंगळवार, बाजार उठल्यावर

आदरणीय दादाजीभाऊ आणि वहिनी,

तुम्हा दोघांना सुरेंद्रचा आणि तुमच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या कमलाचा, मनापासून जयभीम. तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? (कमला डोक्याशी उभी आहे. म्हणते, आधी त्यांची खुशाली विचारा, मग आपलं पुराण लावा. तर विचारली.) आमचं म्हणाल तर एकदम झकास. माझं वजन सतरा किलोनं उतरलं. बीपीची गोळी दोन वर्षांपासून मिळत नाही आणि बीपी मोजणारा डॉक्टरही नाही, त्यामुळे ते दुखणं आपोआपच गेलं असं मी धरून चाललो आहे. कोरा कागद मिळत नाही, म्हणून हे पत्र एका तणनाशकाच्या पोस्टरच्या पाठीवर लिहितो आहे. पलीकडे हसणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पत्र आणणारा प्रफुल आपल्याच गावचा. पाच दिवस बंडी हाकत राजुऱ्यावरून तुमच्या गडचांदूरला चुना आणायला येतो. जग बुडालं तरी चंद्रपूर जिल्ह्याला तंबाखूत चुना लागतोच.

भाऊ, आनंदाची बातमी अशी की आपल्या गावात बाजार भरतो! दर मंगळवारी! आज एकसष्ट दुकानं होती, मी स्वतः दोनदा मोजली. वांगी, झिंगे, मोहफुलं, जवस, लाखोळीची डाळ, आणि नदीपलीकडून गडचिरोलीच्या जंगलातून डोंगा वल्हवत आलेला इसरू, त्याच्याकडे मध आणि चारोळी. ह्या बाजाराची सुरुवात कोणामुळे झाली असेल? माझ्यामुळे! (कमला हसून राहिली आहे. हसू द्या.) कशी झाली, ते सविस्तर सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, सगळं जग थांबवणारा तो मोठा बंद पडला तेव्हा आधी लाईन गेली, मग टॉवर गेले, मग डिझेल, आणि शेवटी मूल गावाहून येणारा राशनचा ट्रक एक दिवस आला तो शेवटचाच. पहिलं वर्ष घरातल्या धानावर निघालं. दुसऱ्या वर्षी पेरायची वेळ आली तर बी कुठे आहे? वीस वर्षं गावाला बी कोण विकत होतं? मी. सुरेंद्र कृषी केंद्र. आणि कोणतं विकत होतो? हायब्रीड, दर वर्षी नवीन पाकीट. घरचं बी ठेवणाऱ्याला मी गल्ल्यावर बसून हसत असे. आता नवीन पाकीट येणार कुठून? म्हणून लोकांनी आदल्या वर्षीच्या पिकातलंच धान बी म्हणून पेरलं. भाऊ, ते शेत तुम्ही पाहायला पाहिजे होतं. एक रोप गुडघ्याएवढं, त्याच्या बाजूचं छातीएवढं, एक दसऱ्याला पिकून झडलं तर दुसरं दिवाळी होऊन गेली तरी हिरवंगार. शाळा सुटल्यावर पोरं उभी राहतात तसं ते धान बांधीत उभं होतं. अर्ध्या लोंब्या पोचट निघाल्या. त्या हिवाळ्यात चाळीस घरांनी जंगलातले कंद उकडून खाल्ले, आणि जो भेटेल तो मला एकच वाक्य ऐकवायचा, "सुरेंदरभाऊ, हे तुमचं बी हाय बरं!"

उन्हाळ्यात समाजमंदिरात सभा झाली. ठराव असा झाला की ज्यानं वीस वर्षं बी विकलं त्यानंच आता बी शोधावं. एकमतानं पास. (एकमत म्हणजे माझं सोडून. कमलानंसुद्धा हात वर केला होता.) मी अकरा गावं फिरलो, पायी. सगळीकडे माझ्याच दुकानातलं बी. आणि मग समजलं की जुनं लुचई धान, जे पेरलं की आईसारखंच लेकरू देतं, ते आपल्याच गावात एका घरी आहे. देवकाबाईच्या घरी.

आता इथे माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हाला कळावं म्हणून एक गोष्ट कबूल करावी लागते. देवकाबाई म्हणजे ढिवर मोहल्ल्यातली म्हातारी, नवरा गेल्यापासून एकटी, अर्धा एकर धानाची बांधी आणि तळ्यातली मासोळी ह्यावर जगलेली. सात वर्षांपूर्वी मी तलाव कमिटीचा अध्यक्ष होतो. (फोटोसह फलक लागला होता, तुम्ही पाहिला आहे.) तेव्हा आम्ही तळं बाहेरच्या ठेकेदाराला दिलं आणि गावच्यांना मासोळी धरायला बंदी केली. देवकाबाई तरीही पाण्यात उतरली. मी स्वतः जाऊन तिचं जाळं जप्त केलं. पावती दिली, बरं का, नियमाप्रमाणे. ते जाळं सात वर्षं माझ्या गोदामात खताच्या पोत्यांमागे पडून होतं.

सांगा आता, त्या बाईच्या दारात बी मागायला कोणत्या तोंडानं जायचं? तीन दिवस मी घराबाहेर निघालो नाही. चौथ्या दिवशी कमला म्हणाली, "तुमाले लाज वाटून राह्यली म्हून चाळीस घरं उपाशी ठेवता का?" मग लग्नातला सफारी घातला (तो आता अंगावर पोत्यासारखा लोंबतो), जाळं खांद्यावर घेतलं आणि निघालो. वाटेत लक्षात आलं की जाळ्याला उंदरांनी इतकी भोकं पाडली आहेत की त्यातून मासोळी काय, मीसुद्धा निघालो असतो.

देवकाबाई अंगणात चूल फुंकत होती. मी जाळं तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. भाषण चांगलं होतं, त्यात "सामूहिक जबाबदारी" हा शब्द दोनदा होता. ती ऐकत नव्हती. जाळं उचलून उजेडात धरून एकेक भोक बघत होती. मग म्हणाली, "माह्या मालकानं इनलं होतं हे. काऊन नेलं होतं तुमी?"

भाऊ, वीस वर्षं गिऱ्हाइकाशी बोललेला माणूस मी, पण पाठ केलेलं भाषण तिथेच सोडलं. मी म्हणालो, "चुकलं माझं, बाई." सभेत कधी म्हणालो नव्हतो. तोंडातून निघाल्यावर मलाच नवल वाटलं.

ती म्हणाली, "मंग इनून द्या. इथीच बसून. तुमच्या हातानं. मंग बियाचं बोलू."

म्हणजे कृषी केंद्राचा मालक, माजी अध्यक्ष, ढिवर मोहल्ल्यात भर दारात बसून जाळं विणणार! पहिल्या दिवशी दहा-बारा जण बघायला आले. दुसऱ्या दिवशी चाळीस. टीव्ही नाही, मोबाईल नाही, लोकांना पाहायला तरी काय आहे? मी सुई घातली की ते "अरे अरे" म्हणायचे, गाठ सुटली की टाळ्या. आसपासच्या गावांतूनही माणसं यायला लागली. आता एवढी माणसं उन्हात दिवसभर उभी राहिली की भूक लागणारच. तिसऱ्या दिवशी एक बाई भाजलेली मोहफुलं टोपलीत घेऊन बसली. तिच्या बाजूला एकानं वांगी मांडली. वांगीवाल्याला मोहफुलं पाहिजे होती, मोहफुलंवालीला वांगी, झाली अदलाबदल! चौथ्या दिवशी कोणी जवसाचं तेल आणलं, कोणी झिंगे, एकीनं भाजलेल्या तरोट्याच्या बियांचा काळा चहा विकायला ठेवला. (चव विचारू नका, पण गरम होता.) मी मान वर करून पाहतो तर माझ्या भोवती बाजार भरलेला! दोन वर्षं प्रत्येक घर आपापलं मडकं झाकून बसलं होतं, भाऊ. कोणापाशी काय आहे हे कोणी कोणाला सांगत नव्हतं. आणि आता सगळी मडकी उघडी पडली होती.

सहाव्या दिवशी भांडण झालं. एक ओंजळ झिंग्यांना वांगी किती? झिंगेवाला म्हणे सहा, वांगीवाला म्हणे दोन. कॉलर धरण्यापर्यंत गोष्ट गेली. देवकाबाई दारातून उठली, दोघांच्या मधे जाऊन बसली आणि म्हणाली, "दोघाइच्या घरी आज काय रांधलं ते सांगा." दोघांच्याही घरी कंदच होता. मग चारावर तुटलं. तेव्हापासून बाजारात भाव अडला की लोक तिच्याकडे जातात, आणि ती तोच प्रश्न विचारते.

आठव्या दिवशी जाळं पूर्ण झालं. बाईनं ते हातावर ताणून पाहिलं, घरात गेली आणि तणसाच्या दोरानं आवळलेली तीन मोठी गाठोडी एकेक करून बाहेर लोटली. त्यात लुचईचं बी. चाळीस घरांना एकेक पायली. अटी दोनच: पीक आलं की प्रत्येकानं एक पायली बी दुसऱ्या गावच्या घराला द्यायचं, आणि तळं सगळ्यांचं. मी तिथल्या तिथे ठेका रद्द झाल्याचं जाहीर केलं. (ठेकेदार दोन वर्षांपूर्वीच नागपूरला पळाला होता, पण जाहीर करायला काय जातं.)

धानाची रोवणी मीही केली. पहिल्या दिवशी दोनदा तोंडावर पडलो. बाया गाणं म्हणत होत्या, त्यात माझं नाव कधी घातलं ते समजलंही नाही. आता ते गाणं पलीकडच्या गावातही म्हणतात. बी थोडं म्हणून एकेक काडीच रोवली होती. भाद्रपदात दहा दिवस उघाड पडली तेव्हा मी रोज धुऱ्यावर जाऊन बसायचो, जेवण जात नव्हतं. पण भाऊ, मागच्या आठवड्यात कापणीला उतरलो. सारं धान एका उंचीचं! हात फिरवला तर एकही लोंबी खाली-वर नाही! बांधीत उभा राहून मी रडलो, आणि ह्या वेळी कोणी हसलं नाही.

वहिनींना नमस्कार. बाकी भेटीअंती बोलू.

तुमचा,
सुरेंद्र

ता. क. कमलानं पत्र वाचलं. ती म्हणते खरं लिहा. तर खरं असं, की मी दिवसा मारलेल्या गाठी देवकाबाई रोज संध्याकाळी सोडून नव्यानं मारत होती. मला हे कालपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

ता. क. दुसरा. एक काम होतं. आपली धान कांडायची गिरणी बंद आहे, बाया मुसळानं कांडून हैराण झाल्या. तुम्ही सिमेंट कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होता. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार नाही. मी आज बाजारात सगळ्यांना सांगून बसलो आहे की माझे साळेभाऊ निघालेसुद्धा. आता तुम्ही आला नाहीत तर माझी फजिती होईल. काम मोठं आहे, वर्षभर लागेल. वहिनींना सोबत आणा. पाने-हातोडे विसरू नका.

ता. क. तिसरा. भाऊ, मी कमला लिवतो. हे झोपले. गिरनीचं सारं खोटं हाय. गिरनी दोन महिन्याआधीच बैल जुपून चालू केली लोकायनं. प्रफुल सांगत होता, तुमी दोघं एकच टाइम जेवता, आन् बंडीत चुना भरताना तुमी मंधातच खाली बसले. जेवाले या म्हटलं तं तुमी येनार नाई, कामाले या म्हटलं तं याल, म्हून ह्यायनं चार दिवस डोकं लावून हे लिवलं. मी सांगतलं म्हून ह्यायले सांगू नोका. वहिनीले बंडीत बसवा आन् प्रफुलसंग निघा. पाने-हातोडे आना, म्हंजे ह्यायले वाटन का तुमी गिरनीसाठीच आले.