एक केळं उरलं होतं

सावंगी (मेघे)
बुधवार, दुपारी दोन

प्रिय प्रफुल्ल,

सर्वप्रथम माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझ्या रजतच्या खाटेजवळ येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी एकच खुर्ची आहे, लाल प्लास्टिकची, पाठीला तडा गेलेली. गेले अकरा दिवस मी वॉर्डाच्या दारात दिसलो रे दिसलो की तू त्या खुर्चीतून उठतोस, ती रुमालाने पुसतोस, मला बसवतोस आणि स्वतः खिडकीला टेकून उभा राहतोस. तुझी कंबर कशी आहे ते मला ठाऊक आहे. अतिथीला आधी आसन, मग पाय धुवायला पाणी, मग बाकीचं, असा शास्त्राचा क्रम आहे. तू आसनावरून थेट चहावर येतोस, तो क्रमभंग मी एक वेळ सोडून देईन. पण काल पलीकडच्या खाटेवरच्या गृहस्थाला तू माझी ओळख ‘हा देवमाणूस’ अशी करून दिलीस, ते सोडणार नाही. देव आपल्या दोघांच्याही घरांतून छप्पन सालीच गेला. उरला माणूस. तो किती उरला आहे ते पुढे येईलच.

तू वर तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी खाली फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, बाकावर. शंभर पावलांवरच्या माणसाला पत्र लिहिणारा मास्तर वॉचमनला नवा असावा. तो दोनदा येऊन बघून गेला. कागद शाळेतल्या उत्तरपत्रिकेच्या पुरवण्या आहेत, तेव्हा वर ‘आसन क्रमांक’ लिहायची जागा दिसेल. ती रिकामी सोडली आहे. पत्र का, तर मी तीन वेळा तुझ्याशी बोलायला बसलो, आणि तिन्ही वेळा माझा चेहरा पाहून तू म्हणालास, ‘थांब, तुह्यासाठी चहा आणतो.’

डॉक्टरांनी काल जे सांगितलं ते तू मला सांगताना एक शब्द गिळलास. मी तो लिहितो. गुडघा निखळला तेव्हा त्याच्या मागची रक्तवाहिनी तुटली. ती जोडली, पण पावलात रक्त उतरत नाही. बोटं काळी पडली. शुक्रवारी सकाळी पाय गुडघ्याखाली काढायचा की नाही ते ठरेल. गिळलेला शब्द ‘काढायचा’. चोवीस वर्षांचा कृषी सहायक आहे तो. दिवसभर लोकांच्या शेतांत धुऱ्या-बांधांवरून चालणं हीच त्याची नोकरी, आणि ऑफिसची मोटरसायकल असून शेतावर सायकलने जाणारा तालुक्यातला तो एकटा वेडा. वेड माझ्याकडून लागलेलं, हे पौर्णिमावहिनी मला गेली दहा वर्षं हसत-हसत ऐकवतात. अकरा दिवसांत एकदाही ऐकवलं नाही.

आठवतं का, वर्ध्याच्या वसतिगृहात आपल्या दोघांत मिळून एकच सायकल होती. तू पायडल मारायचास आणि मी मागे कॅरिअरवर बसून धातुरूपं पाठ करायचो. चढ आला की तू म्हणायचास, ‘उतर आता, तुह्ये धातू लय जड हायेत.’ बापाने माझं नाव अश्वजित ठेवलं, म्हणजे घोडे जिंकणारा, आणि घोडा जन्मात पाहिला नाही. मिळालं ते कॅरिअर. संस्कृत घ्यायला लावलं तेही त्यानेच. लहानू मिस्त्री, दोन इयत्ता शिकलेला, म्हणाला, ‘जे आपल्याले शिकू देलं नाई तेच पयले शीक.’ शिकलो. तीस वर्षं शिकवतो आहे. रोज हजेरी घेतो. हे हजेरीचं ध्यानात ठेव.

रजतला सायकल तू शिकवलेली नाहीस, मी शिकवली. तू मागून धरायचास आणि सोडायचंच विसरायचास. मी सोडून देऊन पुढे जाऊन उभा राहायचो. तो पडायचा, उठायचा आणि माझ्यापर्यंत यायचा. बारा वर्षांचा झाला तेव्हा कारंज्याच्या आसपासच्या सगळ्या पांदणी, शेतांतल्या मातीच्या वाटा, आम्ही दोघांनी पालथ्या घातल्या. पुढे त्या जाड टायरच्या, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलच्या सायकली आल्या, टायरात दुधासारखं औषध भरलं की बाभळीचे काटे पचवणाऱ्या, आणि आपलं ‘मुरूम मंडळ’ निघालं. नियम दोनच. डांबर दिसलं की तोंड फिरवायचं; आणि निघताना जितके, पोचताना तितके. पहिला नियम रजतचा, दुसरा माझा. संत्र्याच्या बागेतून आमची रांग जाताना बागवाले अण्णाजी दरवेळी ओरडायचे, ‘गुरुजी, डांबरी सडक तिकडं हाय, इकडून तं आमी बैल बी आनत नाई.’ नागपूर-अमरावतीहून पोरं यायला लागली, तेव्हा ती शहरी पोरं धास्तावून विचारायची, रस्ता चुकलो तर, पडलो तर. रजत त्यांना एकच उत्तर द्यायचा. म्हणायचा, ‘भेऊ नका, काका मोजतात.’

त्या रविवारचं तुला जे माहीत आहे ते असं. ऐंशी किलोमीटरची फेरी, एकतीस जण, साडेसहाला कारंज्याहून सुटले. अर्ध्या वाटेवर तळेगावला बाजाराच्या ओट्यावर मी यादी घेऊन बसलेला. आलेल्याच्या नावापुढे खूण करायची, केळं द्यायचं, पुढे सोडायचं. साडेबाराला कारंज्यात सगळे परतले, रजत नाही. यादीत त्याच्या नावापुढे खूण. म्हणजे तळेगाव ओलांडलं. म्हणजे शोध तळेगाव ते कारंजा. तीस पोरं, कारंज्याच्या गुलाबची जीप, तू स्वतः, सगळे तिकडे. प्रत्येक नाला पाहिला. मग तीनच्या सुमारास मी एकटाच उलट्या दिशेला, सकाळच्या वाटेवर गेलो, आणि रपट्याच्या, त्या ठेंगण्या पुलाच्या, खालच्या कोरड्या नाल्यात रजत सापडला. सहाला तो इथे होता. गुलाबने सांगितलं, बाटली पडली असन, वापस पाहाले आला असन, आणि सगळ्यांना ते पटलं. मला उलटं जायचं कसं सुचलं यावर तू म्हणालास, आतून आवाज आला असेल. मी मान हलवली. ते मान हलवणं आता काढून घेतो.

मला काहीही सुचलं नव्हतं. तळेगावला मी केळी बत्तीस मोजून आणली होती. एकतीस त्यांची, एक माझं. माझं मी सकाळी आठलाच खाल्लं, तुला माझी भूक ठाऊक आहे. दहाला सगळे गेल्यावर पाटी आवरली तर एक केळं उरलं होतं. एकतीस नावं, एकतीस खुणा, आणि एक केळं. मला वाटलं, बाजारातल्या सीताबाईने एखादं वरकड घातलं असेल, मास्तर म्हणून. मी तेही खाल्लं. प्रफुल्ल, रजत नाल्यात पडलेला होता आणि मी त्याचं केळं खाल्लं, आणि साल पिशवीत ठेवली, कारण ओट्यावर कचरा करू नये असं मी पोरांना सांगतो.

तीनला शोधून थकून पुन्हा त्या ओट्यावर टेकलो, पाण्यासाठी पिशवीत हात घातला, तर हाताला दोन सालं लागली. तिथे कळलं. साडेनऊला रजतची नेहमीची टोळी आली होती, मयुरी आणि बाकीचे चौघं, धुळीने सगळ्यांची तोंडं एकसारखी. ती टोळी सहाची. सहा वर्षं सहाचीच. मी मान वर केली नाही. वर्गात रोज येणाऱ्या पोराच्या नावापुढे आम्ही मास्तर मान वर न करता खूण करतो; ज्याच्याविषयी शंका, त्यालाच नजरेने शोधतो. रजतविषयी मला कधी शंकाच नव्हती. सहा खुणा एका दमात केल्या. त्या दिवशी तो टोळीच्या पुढे एकटा निघाला होता, उतारावर मुरमात घसरून रपट्याखाली गेला, आणि मागची पाच जणं त्याच्या डोक्यावरून गेली. मयुरीने विचारलंही होतं, ‘सर, रजत पुढं गेला नं?’ मी यादीत पाहिलं. खूण होती. म्हणालो, गेला. डोळ्यांना दिसतं ते पहिलं प्रमाण, शब्द त्याच्या नंतरचा, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. आणि तिथे, दोन हातांवर, पाच डोकी उभी असताना, मी माझ्याच हातच्या खुणेवर विश्वास ठेवला.

ती खूण नसती तर मयुरी तिथूनच मागे फिरली असती. तो सव्वादहाला सापडला असता, बाराला इथे. साडेआठला पडला, तेव्हापासून साडेतीन तास. प्रत्यक्षात आणला तेव्हा साडेनऊ तास झाले होते. अशा पायाला सहा तास असतात, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलो होतो.

इथवर ती चूक होती. माणसाकडून होते, तू कदाचित तसंच म्हणशील. पुढचं तसं नाही. तीनला मला कळलं तेव्हा गुलाबची जीप माझ्यासमोर दहा पावलांवर उभी होती. खूण माझी चुकली, सगळे मागे चला, एवढं वाक्य पुरे होतं. जीप पंधरा मिनिटांत रपट्यावर पोचली असती. मी म्हणालो, जरा मागे जाऊन पाहतो, आणि सायकलवर बसलो. चाळीस मिनिटं लागली. मुद्दाम केलं असं नाही. पण ते वाक्य तोंडातून निघालं नाही हे खरं, आणि का निघालं नाही हेही मला पक्कं माहीत आहे. तिथे तीस पोरं उभी होती, जी म्हणतात काका मोजतात.

नाल्यात त्याच्याजवळ एक म्हातारी बसलेली होती, शेळ्या चारणारी, कमलाबाई. पदर त्याच्या तोंडावर धरून. फोन तिच्याजवळ नाही, त्याचा फुटलेला. दोनदा वर पांदणीवर जाऊन तिने हाका मारल्या, आणि तो सोडून जाऊ नको म्हणाला म्हणून पुन्हा खाली येऊन बसली. मला पाहून उठली नाही. म्हणाली, ‘काऊन रे बापू, इतका उशीर? लेकरू सकाळपासून म्हनून राह्यलं, आजी, घाबरू नको, काका मोजतेत, एक कमी दिसला का येतेच.’ जीप येईपर्यंत ती शेळ्या घेऊन निघून गेली. तिला कोणी काही विचारलं नाही. तो सकाळपासून तिथेच होता, मागे वगैरे काही फिरला नव्हता, हे सांगणारी ती एकटी, आणि ऐकणारा मी एकटा.

आता रजतचं. परवा तू औषधं आणायला गेलास तेव्हा तो मला म्हणाला, ‘काका, मले तं तळेगाव आठवतच नाई. उतार आठवते, आजी आठवते. बाबा म्हनते, डोक्याले मार लागला, इसरला तू. माहं डोस्कं गेलं का, काका?’ मी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली आणि म्हणालो, येईल हळूहळू. काल डॉक्टर त्याला विचारत होते, तर तो स्वतःच सांगायला लागला, मी तळेगावला गेलो होतो, केळं खाल्लं, मग बाटलीसाठी परत फिरलो. केळ्याची चवसुद्धा सांगितली, जरा कच्चं होतं म्हणाला. माझी खूण खरी ठरावी म्हणून तो पोरगा आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसतो आहे. मी खुर्चीत होतो. तू उभा होतास.

आज सकाळी जिन्यात तू माझा हात धरलास आणि म्हणालास, ‘उद्या तू बोल त्याच्यासंग. पायाचं तूच सांग. तुह्यं आयकते तो, तूच त्याले शोधून काहाडलं.’ मी हो म्हणालो. हे पत्र त्या ‘हो’साठी लिहिलं आहे. मयुरी डबा घेऊन फाटकातून आत आली आहे, तिच्या हाती वर पाठवतो, आणि या बाकावर बसून राहतो. तू खाली आलास तर भेटू. नाही आलास तर समजेन. पाय जाईल ही भीती तुझी-माझी एकच आहे. माझी वेगळी भीती एवढीच, की हे तुला ठाऊक नसताना मी उद्या त्याच्याजवळ बसलो, तर तो पुन्हा विचारेल, काका, मी तळेगावला आलो होतो ना, आणि मी पुन्हा हो म्हणेन. अकरा दिवस मी स्वतःला पाहिलं आहे, प्रफुल्ल. मी हो म्हणेन.

तू म्हणशील तोवर तुझाच,
अश्वजित