गिटारची पाठ

अण्णा, गिटारच्या भोकातून आत फिरवलेला ओला कापूस मी नाकाशी नेला, आणि बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या त्या कस्टम गोदामात तुर्भ्याची तुमची लाकडाची वखार उभी राहिली. माझ्यासमोर दोन माणसं श्वास रोखून होती. एक कस्टममधून माल सोडवणारा क्लिअरिंग एजंट. दुसरा त्या गिटारचा राखणदार, पिकल्या केसांचा परदेशी. गिटार ज्याची, तो रॉक गायक जगभर माहीत आहे. विशीत जुनी म्हणून घेतलेली ही गिटार त्याने कधी सोडली नाही, आणि प्रत्येक मंचावरून सांगितलं की हिची पाठ ब्राझीलच्या जंगलातली आहे, आवाज तिथून येतो. कागदावरही तेच लिहिलं होतं. त्या लाकडाला परवान्याशिवाय बंदी. परवाना नव्हता. लाकूड ओळखणं ही माझी नोकरी, म्हणून मला बोलावलं. ब्राझीलचं निघालं तर गिटार जप्त.

"मॅडम, परवा शो आहे," एजंट म्हणाला. "पब्लिक मला सोडणार नाय. तुमचं काय, तुमी सरकारी."

कापसाचा वास मला मागे नेतो. मी नऊ वर्षांची आहे, वखारीत उभी आहे. एक गिऱ्हाईक फळीवर हात ठेवून सांगतंय, ही शिसवच. मीही मान हलवते. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणता, "त्यांनी सांगितलं म्हणून शिसव झाली काय गं? वास घे आधी." फळी रंगवलेली बाभूळ होती. मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत.

मी पुन्हा वास घेतला. मग दिवा आणि छोटा आरसा आत सरकवला. गिटारला आतून पॉलिश नसतं, लाकूड उघडं असतं. जांभळट झाक दिसली. राखणदाराला विचारून केसाएवढी ढलपी काढली, भिंगाखाली धरली. शिसव. आपल्या सह्याद्रीत वाढते ती, जिच्या वाद्याला परवाना लागत नाही. आपण जिचे पलंगाचे खूर कापून द्यायचो, ती इथे दोन-अडीच मिलिमीटर जाडीची झाली होती, आणि तिच्यावर एक माणूस जन्मभर गात आला होता.

"म्हणजे आपलीच?" एजंट हसला. "पोरगी माहेरी आली की मॅडम."

राखणदार हसला नाही. कागद त्यालाच दुरुस्त करायचा होता, सही त्याची. "हे त्याला मी कसं सांगू?" त्याने इंग्रजीत विचारलं. तो फोन घेऊन बाहेर गेला आणि ट्रेलरच्या रांगेपाशी बराच वेळ उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, "गायकाला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, त्या झाडाला तिकडे काय म्हणतात." मी सांगितलं. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. सही मात्र उद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सही केली. गिटार सुटली. एजंट शिक्के आणायला गेला, राखणदार पाठमोरा होता, तेव्हा मी एक तार छेडली. प्रवासासाठी तारा सैल केल्या होत्या, सूर खालचा आला, बेसूरच. पण पाठीला लावलेल्या माझ्या तळहातात तो कितीतरी वेळ राहिला. अहवालात हे लिहिलं नाही. इथे लिहिलं, कारण तुम्ही आता नाहीत, हे कुठे पाठवायचं नाही.