ढगातली रोवणी

१० नोव्हेंबर २०२५

झाला! धानाच्या रोवणीचा फोटो एकदाचा पुरा झाला. काढला होता ऑगस्टमध्ये. आज पोस्टातून दीड वाजता घरी आले, जेवलेही नाही, तशीच लॅपटॉपला चिकटले. धानाच्या बांधीतलं गढूळ पाणी काढून टाकलं आणि तिथं आभाळ घातलं — आपलंच, आंबागडच्या किल्ल्यावरून काढलेलं. आता आठ बाया ढगांत वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवताहेत आणि मागे किल्ल्याचा डोंगर अधांतरी. तरी काहीतरी खटकत होतं. डोंगर डावीकडे, नजर तिकडेच जाऊन अडकायची. मग सगळा फोटोच आडवा पलटवला, आरशात दिसतो तसा. एक बटण! लगेच बसला. एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

धर्मेंद्र डबा ठेवायला आला. "मस्त हाय. पन पानी कुठं गेलं?" लाइनमन माणूस, त्याला आधी गळती दिसते.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, दाखवला. त्या आठातल्या एक त्याच आहेत, कडेच्या. उन्हात स्क्रीन काय दिसली असेल देव जाणे. "असन" म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. असन, म्हणजे असेल! सोळा वर्षं ऐकतेय. लग्नानंतर पहिल्यांदा भाकरी केली — असन. पोस्टात नोकरी लागली — असन. मला हार नको, तुरे नको. आईंनी एकदा, फक्त एकदा, चांगलं की वाईट ते तोंडानं सांगावं. बस.

१२ नोव्हेंबर

फोटो ग्रुपवर टाकला. "एआयनं केलं का?" — अकरा जण. "कोणतं ॲप?" — सात जण. नागपूरच्या चुलतबहिणीनं खाजगीत विचारलं, "माझ्या लग्नाच्या फोटोतून एक माणूस काढून देशील का?" कोणता ते विचारायची हिंमत झाली नाही.

आईंची शाळा दुसरीतच सुटली, लिहिता-वाचता येत नाही म्हणतात, म्हणून कॉमेंट मीच मोठ्यानं वाचून दाखवते. हातातलं काम थांबवत नाहीत, पण ऐकतात. आज म्हणाल्या, "थो एआय कोन हाय व? काम तू करतं अन् नाव त्याचं?"

एकशे बारा लेयर आहेत त्या फोटोत, एकशे बारा! घरात एका माणसाला तरी माझा राग समजला. बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

आज सकाळी माझाच फोटो फिरून फिरून मला आला. वर दोन गुलाब, खाली "शुभ सकाळ". फोटोतल्या मंदाबाईच्या डोक्यावर कपबशी, वाफेसकट. चिडायचं ठरवलं होतं, पण हसूच आवरेना.

२ डिसेंबर

भंडाऱ्याहून कामिनी मॅडमचा फोन! कॉलेजात चित्रकला शिकवतात, जानेवारीत तीन दिवसांचं प्रदर्शन भरवताहेत. त्यांना 'ढगातली रोवणी' हवी आहे. पाच फुटी. आणि फोटोतल्या आठही बायांना घेऊन या म्हणाल्या, गाडी पाठवतो.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. एकेचाळिसाव्या वर्षी. धर्मेंद्रनं पाहिलं. पाहू दे.

१४ डिसेंबर

तुमसरहून प्रिंट आली. रविवार, पोस्ट बंद. अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवली आणि बायांना चहाला बोलावलं. काय सांगू! रात्री जेवण गेलं नाही.

सुरुवात छान झाली. मंदाबाई म्हणजे रोवणीच्या टोळीची म्होरकी, पहिला मान तिचा. कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.

"किल्ला इकडं कसा आला व?"

"गंमत केली असन तिनं," ललिताबाई म्हणाली. "मले तं आवडलं. चिखल नाई, जळवा नाई. अशी रोवणी असन तं मी बारा महिने करीन."

सगळ्या हसल्या. ढग चालले. डोंगर उडाला तेही चाललं. पाण्याचं आभाळ झालं, कोणी हूं की चूं केलं नाही. मी आपली खुशीत चहा ओततेय. तेवढ्यात मंदाबाई प्रिंटच्या अगदी जवळ गेली. स्वतःचा हात वर केला, फोटोतला बघितला, पुन्हा स्वतःचा बघितला.

"थांबा व. मी कोन्या हातानं रोवून राहिली?"

झालं! पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात धरायची आणि उजव्यानं रोवायचं, ही साधी गोष्ट. फोटोत सगळं उलटं. मी पलटवला ना!

"मले डेबरी केलं तुनं! सगळ्यायले डेबरी करून टाकलं!"

आणि ललिताबाई किंचाळलीच, "अन् सुमनबाई पाहा! एकटी सुमनबाई तेवढी उजवी!"

सुमनबाई म्हणजे आमच्या आई. डेबऱ्या, डावखुऱ्या. विळीवर, झाडूला, कुऱ्हाडीला डावा हात. ते रोज बघते. पण रोवणीच्या ओळीत डेबऱ्या बाईचं कोपर शेजारणीच्या कोपरावर आदळतं, म्हणून तिला मधे उभं करत नाहीत, धुऱ्याला, बांधाच्या कडेला लावतात, हे मला आज कळलं. सोळा वर्षं या घरात राहून! कडेची आहे म्हणून मी फोटोत त्यांच्यावर जरा जास्त उजेड टाकला होता, तेवढंच माझं ज्ञान. मी तुमसरची, शहरात वाढलेली. चिखलात पाय घातला तो फोटो काढण्यापुरता.

बाया पोट धरधरून हसत होत्या. आई उठल्या. प्रिंटसमोर गेल्या, वाकून पाहिलं, आणि घरात निघून गेल्या. दार ओढून घेतलं.

१५ डिसेंबर

धर्मेंद्र म्हणतो, "पलटव ना वापस, एका बटनाचं काम हाय." कामिनी मॅडम म्हणतात, "अहो, तोल बिघडेल. आणि भंडाऱ्यात कोणाला कळणार आहे?" मंदाबाईचा निरोप आला की हात सरळ केल्याशिवाय ती गाडीत बसणार नाही.

मॅडमचं बोलणं जास्त लागलं. कळणार नाही म्हणजे काय? मलाही कळलं नव्हतंच की! बाई ढगात उभी केली तर चालतं, पण तिचा हात चुकवला तर ती तीच राहत नाही. हे मला कुठल्या व्हिडिओनं शिकवलं नाही.

आईंशी बोलायचा धीर होत नाही. पोस्टात दिवसभर चिडचिड.

१६ डिसेंबर

धीर केला. आई अंगणात वांगी चिरत होत्या.

"आई, फोटो सरळ करून आणू का?"

"कायले?"

"परवा तुम्हाला वाईट वाटलं ना. आत निघून गेलात."

विळीवरचा हात थांबला. "वाईट कायचं? आत जाऊन हासली मी. त्यायच्या पुढं कशी हासू?"

मग आई बोलल्या. एका दमात इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "चाळीस वर्षं मले कडेले लावलं. ए डेबरी, तिकडं सरक. ए डेबरी, कोपर सांभाळ. आता सात जनी डेबऱ्या अन् मी उजवी. ऱ्हाऊ दे तसाच! पाच फुटाचा हाय ना? मंग चांगला दिसन त्यायले."

"पण आई, फोटो कसा वाटला तुम्हाला?"

वांगं उचललं. "असन."

हे भगवान! तरी आज झोप लागेल.

१९ डिसेंबर

आई स्वतः मंदाबाईकडे जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. मंदाबाई संध्याकाळी दारातूनच ओरडली, "येतो व, येतो! पन थिसा, भंडाऱ्यात, सगळ्यायले सांगीन का मी उजवी हाय!"

११ जानेवारी २०२६

भंडारा! आठ बाया, एक गाडी, बपेऱ्याच्या चंद्रकांताबाईला दोनदा उलटी. बाकी सगळं आनंदात.

हॉलमध्ये आपला फोटो समोरच, दारातून दिसेल असा. जाकीट घातलेले एक साहेब आमच्याच बायांना समजावून सांगायला लागले — हे स्त्रीच्या श्रमाचं आकाश आहे, वगैरे. मंदाबाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर हाय साहेब. पन मी उजवी हाय, हे ध्यानात ठेवा." साहेबांनी आधी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग हवेतच रोवून पाहिलं! तासाभरात जो येईल तो फोटोसमोर वाकून कोणता हात कुठं ते बघत होता. कामिनी मॅडम म्हणाल्या, "रत्नमालाताई, इतका वेळ आजवर कोणी एका चित्रासमोर थांबलं नाही." कोणाला कळणार नाही म्हणणाऱ्या त्याच! मी हसून मान डोलावली. आतून मात्र टुणकन उडी मारली.

एआयनं केलं का, हे आज फक्त दोघांनी विचारलं. ललिताबाईनंच सांगून टाकलं, "सुमनबाईच्या सुनेनं केलं."

आई मात्र फोटोजवळ फार थांबल्या नाहीत. दाराशी अभिप्रायाच्या वहीचं टेबल होतं, तिथली खुर्ची धरून बसल्या. परतताना गाडीत विचारलं, कसं वाटलं? "चहा गोड होता."

१२ जानेवारी

अंग ठणकतंय, जीव खूश आहे. पोस्टात दोन पाकिटांवर कालचीच तारीख मारली.

१५ जानेवारी

कामिनी मॅडमनं अभिप्रायाची वही माझ्यासाठी पाठवून दिली. सुंदर, अप्रतिम, अद्भुत — आईंना वाचून दाखवावं म्हणून पानं उलटत होते. शेवटच्या पानावर कोपऱ्यात पेननं काहीतरी गिरवलेलं. आधी वाटलं लहान मुलाचं. मग काना दिसला, मात्रा दिसली. मोठी, दाबून काढलेली अक्षरं, पण उजवीकडून डावीकडे जाणारी, एकूणएक उलटी. फोनवर फोटो काढला. आडवा पलटवला.

"मले पसंद हाय. सुमन"