हिरवळीखालचा बोगदा

आई, तुझ्या नातीचं लग्न ठरलं. तू तिला पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या आधीच तू गेलीस. ती इथे आयर्लंडमध्ये, एनिस गावात वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते ते इथल्या हेलातल्या इंग्रजीत. मुलगा इथलाच, शांत, कामसू. लग्नासाठी दोघांनी गावाबाहेरचं एक जमीनदाराचं घर पसंत केलं होतं. अशा घराला इथे नुसतं ‘बिग हाउस’ म्हणतात. परवा आम्ही ते बघायला गेलो. सोबत मुलाची आजीही होती. तिला सगळेच नॅन म्हणतात.

तळ्यावर धुकं होतं. त्यातून ते घर हळूहळू वर येत गेलं, आधी धुराडी, मग खिडक्या, मग दगडी पायऱ्या. आत पांढरा जिना असा वळत वर गेला होता, की बोलताना आपोआप आवाज खाली यावा. घर दाखवणाऱ्या बाईंनी काही लपवलं नाही. “हे सगळं साखरेवर उभं राहिलं,” त्या म्हणाल्या. पहिल्या मालकाचे कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत विकत घेतलेली माणसं राबत होती. मालक स्वतः तिकडे कधी गेलाच नाही. तो या खिडकीत बसून तळं बघायचा. मग बाईंनी आम्हाला तळघरात नेलं. तिथून एक बोगदा हिरवळीखालून तबेल्याकडे जातो. दिवाणखान्यातल्या पाहुण्यांना नोकर-चाकर येताजाताना दिसू नयेत, म्हणून खणलेला. “आता इथे दिव्यांच्या माळा लावतो आम्ही. फोटो फार सुंदर येतात.”

मी त्या ओलसर अंधारात उभी आहे आणि मला तुझ्या फोडणीचा वास येतो. चिखलदऱ्याचा डाकबंगला. स्वयंपाकघर मागे, बंगल्यापासून वेगळं. तू पदर खोचून, झाकलेलं भांडं घेऊन मागच्या दाराशी थांबली आहेस. मी पुढच्या व्हरांड्यात, साहेबांच्या वेताच्या खुर्चीत पाय हलवत बसलेली. तू मला दंडाला धरून ओढतेस. “ऊठ आधी! थे खुर्ची काय आपल्या घरची आहे?” इतकं घाबरलेलं मी तुला पुन्हा कधी पाहिलं नाही. संध्याकाळी मात्र तू उरलेलं कॅरामल कस्टर्ड स्टीलच्या वाटीत घालून माझ्यापुढे ठेवलंस. “खाय. केलं त मीच आहे.”

बोगद्यातून बाहेर आल्यावर मी मुलीला हे सांगितलं. आजी सरकारी नोकरीत होती, एवढंच तिला ठाऊक होतं; डाकबंगल्यावर स्वयंपाक करायची, हे नव्हतं. तिने आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, “नॅन कुठेय?”

नॅन बाहेर गाडीला टेकून उभी होती. ती आत आलीच नव्हती. विचारलं तेव्हा म्हणाली, “माझी आजी पोरवयात इथे कामाला लागली. रोज या हिरवळीखालून जायची. वरून चालायची तिला परवानगी नव्हती.”

“आम्ही इथे लग्न केलं तर तू येशील?” माझ्या मुलीने विचारलं.

नॅनने तिचा हात हातात घेतला. “तुझ्या लग्नाला मी कुठेही येईन, पोरी. या दारातून मात्र मला चालत जाता येणार नाही.”

मुलगा बुटांकडे बघत राहिला. पोरीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने होकाराची मान हलवली. “मग चर्चचा पॅरिश हॉल घेऊ. ग्रँड होईल,” ती म्हणाली; ‘ग्रँड’ म्हणजे इथे नुसतं ‘छान’. इतकंच. ज्या घरासाठी वर्षभर झुरली, ते तिने एका वाक्यात सोडलं. परतीच्या वाटेवर धुकं विरलं होतं, कुंपणापलीकडे गाई चरत होत्या. मागच्या सीटवरून तिने मला विचारलं, आणि चक्क मराठीत, “आजी अजून काय काय बनवायची?” मी घर येईपर्यंत सांगत राहिले.

हे पत्र कुठे टाकणार मी! पण एक गोष्ट तिथे कुणालाच सांगितली नाही, ती तुला सांगते. आई, मला ते घर फार आवडलं होतं. सगळं ऐकल्यावरही. अजून डोळे मिटले की तो पांढरा जिना दिसतो, आणि त्यावरून हिरव्या शालूत सावकाश उतरणारी माझी लेक.