एका दात्याचा फरक

४ फेब्रुवारी

आवाज टपेटाचाच, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वाटीचाच आहे, आता शंका नाही. थंड इंजिनात टक्‌-टक्‌, गरम झालं तरी टक्‌-टक्‌, आणि चढ आला की गाडी जीव सोडते. डोंगरातली रॅली पंधरा तारखेला! नवरा म्हणतो, "तुझ्या मालकांकडे टाक ना." टाकते की. मालक मला गॅरेजात ब्रेक देतात, क्लच देतात; इंजिनाकडे वळले की, "ताई, ते राहू दे." माझी गाडी मीच उघडणार.

५ फेब्रुवारी

वरचं झाकण काढलं. काय दिसतं आत! दोन कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेले दांडे, शेजारी शेजारी, तेलात न्हालेले.

मागे कुणीतरी खाकरलं. सासरे! माझ्या शेडमध्ये त्यांनी कधी पाय टाकला नव्हता. लग्नात नातेवाइकांना सांगत होते, सून ऑफिसात असते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. दुकान बंद केल्यापासून बाल्कनीत बसून असतात.

"आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो," म्हणाले.

"सॉरी, बाबा."

"बंद कर म्हटलं नाही मी. एक ठोका लंगडतोय, एवढंच." आणि गेले.

७ फेब्रुवारी

कॅमशाफ्ट बाहेर. दोन्ही शाफ्ट फिरवणाऱ्या चेनवर आणि गिअरवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, चेन ढिली केली, मग शाफ्ट धरून ठेवणाऱ्या कॅप्स. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा सोडायचा, टोकांकडून मध्याकडे. एकच बोल्ट पूर्ण सोडला तर खालच्या स्प्रिंगांच्या रेट्याने शाफ्ट वाकतो, तुटतोसुद्धा. कॅप्सची अदलाबदल चालत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून ओळीने मांडल्या. नवरा ताट घेऊन उभा. "मी कुठे जेवू?"

बाबांनी त्याला हातानेच बाजूला केलं. डोळ्याला भिंग लावलं, एक शाफ्ट उचलला, सावकाश फिरवला. "इथे बघ."

एका उंचवट्याचं टोक झिजलेलं, त्यावर बारीक खड्डे. मला नुसता चरा वाटला होता. मायक्रोमीटर लावला, तर बाकीच्यांपेक्षा चांगलाच बुटका! त्याच्याखालची टपेटाची वाटीही खाल्लेली. दुसरा शाफ्ट मात्र ठणठणीत.

"तेल पोचत नसेल," बाबा म्हणाले. "घड्याळातही आधी तेलच मरतं."

तेलाच्या भोकात काळी चिकट घाण निघाली.

९ फेब्रुवारी

नवा शाफ्ट आणि नवी वाटी आली. भोक बाबांनी साफ केलं, स्वतःच्या बारीक ब्रशने. मला हात लावू देईनात.

विचारलं, "दुकान बंद केलं तेव्हा फार वाईट वाटलं का?"

"वाईट नाही. हात रिकामे झाले." आणि ब्रश पुन्हा भोकात घातला.

१२ फेब्रुवारी

दोन्ही शाफ्ट बसवले. तेल चोपडून, कॅप्स नंबरवार, बोल्ट मधून बाहेर कसत, ठरलेला जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने. खुणा जुळवल्या. हाताने इंजिन फिरवून पाहिलं —

अडलं.

जोर लावणारच होते, बाबांनी मनगट धरलं. "अडलं की हात मागे घ्यायचा. ते काहीतरी सांगतंय."

चेन गिअरवर एका दात्याने चुकीची बसली होती. रेटलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते, आणि मग रॅली कुठली नि काय! परत खोलाखोल. ते टॉर्च धरून उभे. खुर्ची दिली, बसले नाहीत. पुन्हा फिरवलं. लोण्यासारखं.

वाईट याचं वाटतं, की ती खूण मीच रंगवली होती आणि मीच चुकीची वाचली. बाबा फक्त म्हणाले, "चहा घेऊ."

१३ फेब्रुवारी

व्हॉल्व्हच्या फटी मोजल्या, झाकण लावलं. चालू झाली. टक्‌-टक्‌ नाही!! बाबांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

१४ फेब्रुवारी

चढावर पळवली. काय खेचते! शेजारी नवरा, हातात नकाशा उलटा. उद्या हाच मला वाट दाखवणार.

१५ फेब्रुवारी

पहाटे आयोजकांचा फोन. वर दरड कोसळली, रॅली रद्द.

ओट्याला टेकून उभी राहिले. रडले थोडी. मग गाडीवर कापड घालायला गेले, तर पुढच्या सीटवर बाबा. बूट घालून, पट्टा लावून. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या गाडीत.

"बाबा, रॅली रद्द झाली."

"कळलं मला. रस्ते तर नाही ना झाले रद्द?"

चावी घेऊन निघते.